ग्राहकांची कागदपत्रं असलेली हार्डडिस्क फुकटात कुलूपबंद करायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: करसल्लागाराचं छोटं ऑफिस, दोन लॅपटॉप, दोन्हींवर विंडोज ११ होम. १ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क रोज स्कूटरच्या डिकीतून घर ते ऑफिस ये-जा करते. तीत ग्राहकांचे पॅन, आधार, फॉर्म १६, बँक स्टेटमेंटं आणि टॅलीचा डेटा, सगळं मिळून ९० जीबीच्या आसपास. अख्खी डिस्क पैसे न खर्चता एन्क्रिप्ट करायची आहे, म्हणजे पासवर्डशिवाय कुणाला वाचता येऊ नये. त्याआधी तिचे दोन भाग करावेत म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'श्रिंक व्हॉल्यूम' करून पाहिलं, तर ८०० जीबीहून जास्त जागा मोकळी असूनही विंडोज फक्त ४० जीबी सोडायला तयार होतं. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं आणि श्रिंक का अडतं, असं तुम्ही विचारलंय.

दोन्हींची उत्तरं देतो, पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट आलेलीच नाही आणि मला काळजी तिचीच वाटते. हा डेटा आणखी कुठे आहे? या एका डिस्कवरच असेल, तर आज एन्क्रिप्शनला हात लावू नका. साध्या डिस्कवर चूक झाली तर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक अशा मोफत साधनांनी निदान काही फायली तरी उकरून काढता येतात. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर तीच चूक झाली तर उकरायला काही उरत नाही, आणि हे साधन त्यासाठीच बनवलेलं असतं. चोराला जे दिसू नये म्हणून तुम्ही धडपडताय, ते अपघातानंतर तुम्हालाही दिसत नाही. त्यामुळे पहिला खर्च इथे करा: तेवढ्याच क्षमतेची दुसरी डिस्क घ्या. सॉफ्टवेअर फुकट मिळेल, पण दुसऱ्या डिस्कला पर्याय नाही.

आता आधी डिस्कची तब्येत पाहा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरेसं आहे. उघडल्यावर खाली जी यादी दिसते तीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून निकालाची वाट बघत थांबलेले सेक्टर, सी६ म्हणजे ज्यांच्यापुढे डिस्कने हात टेकले ते. उजवीकडचा 'रॉ व्हॅल्यूज'चा स्तंभ सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या अंकपद्धतीत) असतो आणि तो वाचून लोक उगाच घाबरतात. 'फंक्शन' मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर'मध्ये जाऊन रॉ व्हॅल्यूज दशमान पद्धतीत करून घ्या. सी५ शून्य नसेल तर त्या डिस्कवर पुढचं काहीही करू नका. आधी डेटा दुसरीकडे उतरवा. अशा डिस्कवर 'चेकडिस्क' ही विंडोजची तपासणीची आज्ञा '/आर' जोडून चालवायचा सल्ला बरेच जण देतात, पण ते प्रत्येक सेक्टर खरवडून वाचायला लागतं आणि मरणाला टेकलेली डिस्क त्यातच संपते. सी७ची (डेटा ने-आण करतानाच्या चुकांची) संख्या वाढलेली दिसली तर मात्र दोष बहुधा केबलचा असतो. केबल बदला आणि आकडा आणखी वाढतो का ते पाहा. (१ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते म्हणून कुणी चिंता करू नये. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.)

श्रिंक का अडतं, त्याचं कारण असं. श्रिंक करताना विंडोज शेपटाकडची जागा कापून देतं आणि त्यासाठी शेपटाकडच्या फायली पुढे सरकवाव्या लागतात. काही फायली चालू व्हॉल्यूमवर सरकवता येत नाहीत: एनटीएफएसच्या (विंडोज डिस्कवर फायली मांडतं त्या पद्धतीच्या) स्वतःच्या नोंदवह्या आणि 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'मधले जुने रिस्टोअर पॉइंट, म्हणजे मागच्या स्थितीत परतण्यासाठी विंडोजने ठेवलेल्या प्रती. अशी एक जरी फाइल ८९० जीबीच्या ठिकाणी बसली असेल, तर तिच्या मागचे ४० जीबी तेवढे सुटतात, अलीकडचं सगळं रिकामं असलं तरी. नेमकी कोणती फाइल अडवते ते विंडोज लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, 'विंडोज लॉग्ज'मध्ये 'अ‍ॅप्लिकेशन', तिथे डीफ्रॅगच्या नावावर २५९ क्रमांकाची नोंद शोधा. शेवटच्या न हलणाऱ्या फायलीचं नाव तीत मिळेल. रिस्टोअर पॉइंट असतील तर त्या ड्राइव्हचं सिस्टिम प्रोटेक्शन बंद करा, मग कमांड प्रॉम्प्टवर डीफ्रॅग आज्ञेला ड्राइव्हचं अक्षर आणि '/एक्स' जोडून मोकळी जागा एकत्र करा, आणि पुन्हा प्रयत्न करा. पेनड्राइव्हवरून सुरू होणारं जीपार्टेड नावाचं मोफत साधन हे कामही करतं, कारण त्या वेळी विंडोज चालूच नसतं.

पण तुमच्यासाठी माझं मत असं की हा खटाटोप सोडून द्या. तुम्हाला डिस्कचे भाग करायचीच गरज नाही. दोन भाग हवे होते ते 'कुलपातलं' आणि 'बिनकुलपाचं' वेगळं ठेवायला, आणि ते काम पार्टिशनला हातही न लावता होतं.

त्यासाठी व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ट्रूक्रिप्ट नावाचा तसाच जुना प्रकल्प मे २०१४मध्ये त्याच्या कर्त्यांनी अचानक बंद केला. त्याच्याच पायावर व्हेराक्रिप्ट उभं आहे, आणि ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. त्याच्या अधिकृत जागेवरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या 'फ्री डाउनलोड' छापाच्या पानांवर जाऊ नका. ज्या सॉफ्टवेअरच्या हाती तुम्ही सगळे पासवर्ड देणार, त्याची बनावट प्रत घेणं म्हणजे चोरालाच किल्ली देणं झालं. कुणाकडे ट्रूक्रिप्टच्या काळातल्या जुन्या फायली असतील तर त्यांनी लक्षात घ्यावं: १.२६ मालिकेपासून व्हेराक्रिप्टने त्या उघडणं बंद केलंय, त्यासाठी १.२५.९ आवृत्ती लागते.

व्हेराक्रिप्टमध्ये तुमच्यापुढे दोन वाटा असतील: अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणं, किंवा कंटेनर बनवणं. कंटेनर म्हणजे बाहेरून एक भलीमोठी फाइल, पासवर्ड दिला की तिच्या पोटातून एक ड्राइव्ह निघतो. तुमची डिस्क दोन यंत्रांना लागते, म्हणून मी कंटेनरच सांगेन. त्याला ठोस कारण आहे. अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केली की विंडोजला ती कोरी किंवा बिघडलेली वाटते. लावल्याबरोबर खिडकी येते की हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, किंवा डिस्क मॅनेजमेंट म्हणतं 'इनिशलाइज करा'. तुम्ही 'कॅन्सल' दाबाल. जुलै महिन्यात रिटर्न्सच्या गर्दीत ऑफिसातल्या मुलाने 'ओके' दाबलं की काम तमाम. कंटेनर असलेली डिस्क मात्र कुठल्याही यंत्राला साधी एनटीएफएस डिस्कच दिसते, तिच्यावर एक फाइल पडलेली असते आणि कुणी फॉरमॅट मागत नाही. अपघात यातही होऊ शकतो, पण त्यासाठी कुणीतरी ती फाइल मुद्दाम डिलीट करावी लागते. ऑफिसातल्या एकाच यंत्राला कायम जोडलेली डिस्क असती तर मी उलट सांगितलं असतं.

'आहे त्या डेटासकट जागच्या जागी एन्क्रिप्ट करा' असाही पर्याय विंडोजवर एनटीएफएस पार्टिशनसाठी मिळतो. तो वापरू नका. तासन् तास चालतो, आणि पोर्टेबल डिस्कची केबल हलली तर त्या क्षणी जे अर्धवट लिहिलं जात होतं त्याचं काय होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. जुन्या डिस्कवरचा सगळा डेटा नव्या डिस्कवर उतरवा आणि पाच-दहा फायली उघडून खात्री करा. मग जुनी डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, पण 'क्विक फॉरमॅट'ची खूण काढून. हे महत्त्वाचं आहे: क्विक फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसतं, पानं तशीच राहतात, आणि तुमच्या ग्राहकांचे आधार फोटोरेकने कुणीही बाहेर काढू शकतं. पूर्ण फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या डिस्कवर शून्यं लिहितं. यूएसबी ३ वर १ टीबीला तीन-चार तास धरा, रात्री लावून ठेवा. हे फिरत्या तबकडीच्या डिस्कचं झालं. एसएसडी किंवा पेनड्राइव्ह असेल तर शून्यं लिहूनही भरवसा नसतो, कारण कुठला भाग कुठे लिहायचा हे आतला कंट्रोलर स्वतः ठरवतो आणि जुने तुकडे त्याच्या राखीव जागेत राहू शकतात. एसएसडीवर म्हणूनच डेटा पडायच्या आधी कुलूप लावायचं असतं.

आता व्हेराक्रिप्टमध्ये 'क्रिएट व्हॉल्यूम', मग फाइल कंटेनर, मग 'स्टँडर्ड'. 'हिडन' तुम्हाला नको. तो जबरदस्तीने पासवर्ड काढून घेतला जाण्याच्या भीतीसाठी आहे, आणि बाहेरच्या व्हॉल्यूममध्ये नकळत जास्त लिहिलं गेलं तर आतला पुसला जातो. एईएस (एन्क्रिप्शनची पद्धत, म्हणजे सायफर) आणि एसएचए-५१२ (पासवर्डातून किल्ली घडवायची पद्धत) हे आधीच निवडलेलं असतं, तसंच ठेवा. तीन-तीन सायफर एकावर एक रचल्याने तुमच्या बाबतीत वेग तेवढा कमी होईल. आकार: आज ९० जीबी आहे, तर २०० जीबी घ्या. नंतर वाढवणं शक्य असतं पण कटकटीचं. 'डायनॅमिक'ची खूण करू नका. तशी फाइल गरजेप्रमाणे फुगते, हळू चालते, आणि बाहेरची डिस्क भरली तर आतलं लिखाण अर्धवट तुटतं. आत एनटीएफएस निवडा. मग माउस त्या खिडकीत हलवत राहा, खालची पट्टी हिरवी होईपर्यंत. त्या हालचालींतून किल्लीसाठी यादृच्छिक आकडे घेतले जातात, तो दिखावा नाही. सेकंदाला १०० एमबी वेगाने २०० जीबी भरायला सुमारे ३५ मिनिटं लागतात. दोन तास दाखवत असेल तर डिस्क यूएसबी २च्या खाचेत लावली आहे.

पासवर्डबद्दल व्हेराक्रिप्ट २० अक्षरांच्या आत असाल तर कुरकुर करतं, आणि ते योग्यच आहे. मुलांची नावं, गाडीचा नंबर, आरतीची ओळ, म्हण हे काहीच नको. जे ओळीने पाठ असतं ते शोधणाऱ्याच्या यादीतही असतं. फासे टाकून किंवा डोळे मिटून शब्दकोशाची पानं उघडून सहा असंबद्ध शब्द काढा आणि रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा सोडून लिहा. ७७७६ शब्दांच्या यादीतून फाशांनी सहा शब्द निवडले तर ७७ बिटांची ताकद मिळते, म्हणजे तुमच्या कामाला भरपूर. देवनागरीतही पासवर्ड चालतो, पण कीबोर्डचा लेआउट बदललेल्या यंत्रावर तोच शब्द वेगळ्या क्रमाने टाइप होऊ शकतो, म्हणून टाळा. 'पिम' नावाचा रकाना रिकामा सोडा. त्यात आकडा घातला तर तोही पासवर्डाइतकाच लक्षात ठेवावा लागतो. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कपाटात. डिस्कच्या पाउचमध्ये नको.

आता हेडर. तुमच्या पासवर्डने डेटा थेट एन्क्रिप्ट होत नाही. डेटाची खरी किल्ली कंटेनरच्या सुरुवातीला असलेल्या हेडरमध्ये असते आणि पासवर्डने फक्त तो हेडर उघडतो. हेडर खराब झाला तर बरोबर पासवर्ड देऊनही 'चुकीचा पासवर्ड' असाच संदेश येतो आणि माणूस आपल्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो. म्हणून कंटेनर बनवल्याबरोबर 'टूल्स'मधून 'बॅकअप व्हॉल्यूम हेडर' करा आणि ती छोटी फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा. कंटेनरच्या शेवटीही एक प्रत आपोआप असते. माउंट (म्हणजे कंटेनर ड्राइव्ह म्हणून उघडायच्या) ऑप्शन्समध्ये ती वापरायची खूण आहे, अडचणीत आधी ती करून पाहायची.

याचीच दुसरी बाजू बहुतेकांना माहीत नसते. पासवर्ड बदलला की फक्त हेडर नव्याने लिहिला जातो, आतली किल्ली तीच राहते. म्हणजे काम सोडून गेलेल्या सहायकाला जुना पासवर्ड ठाऊक असेल आणि त्याच्याकडे जुन्या हेडरची प्रत असेल, तर पासवर्ड बदलूनही तो कंटेनर उघडू शकतो. माणूस गेल्यावर खरोखर कुलूप बदलायचं असेल तर नवा कंटेनर बनवून डेटा त्यात हलवा.

टॅलीसाठी एक काळजी घ्या. टॅली डेटाचा पत्ता ड्राइव्हच्या अक्षरासकट लक्षात ठेवतं. आज 'टी', उद्या 'एम' असं उघडलंत तर कंपनी सापडत नाही आणि लोकांना वाटतं डेटा गेला. कंटेनर एकदा 'टी' अक्षरावर माउंट करून 'फेव्हरिट्स'मध्ये टाका, दोन्ही लॅपटॉपवर, म्हणजे अक्षर कायम राहील. बंद करताना आधी टॅली बंद, मग व्हेराक्रिप्टमध्ये 'डिसमाउंट' (नव्या आवृत्तीत 'अनमाउंट' लिहिलेलं असेल), मग विंडोजचं 'सेफली रिमूव्ह'. फायली वापरात आहेत, तरी जबरदस्तीने बंद करू का, असं व्हेराक्रिप्टने विचारलं तर 'नाही' म्हणा आणि काय उघडं राहिलंय ते शोधा. टॅलीची फाइल अर्धी लिहिलेली असताना ओढून काढली तर ती आतून बिघडते. 'प्रेफरन्सेस'मध्ये लॉग-ऑफला आणि लॅपटॉप झोपताना आपोआप डिसमाउंट करायच्या खुणा आहेत, त्या करा. नाहीतर झाकण मिटून नेलेल्या लॅपटॉपमध्ये कुलूप उघडंच असतं.

त्याच 'प्रेफरन्सेस'मध्ये आणखी एक खूण आहे आणि ती मात्र काढायची आहे: कंटेनरच्या बदलाची वेळ जशीच्या तशी ठेवणारी. ती मुळात लावलेली असते. हेतू असा की कंटेनर कधी वापरला ते बाहेरून कळू नये. पण परिणाम असा होतो की तुम्ही आत वर्षभराचं काम लिहिलंत तरी फायलीची तारीख बदलत नाही, आकार तर कायम तोच, आणि बॅकअपचं सॉफ्टवेअर 'काही बदललं नाही' म्हणून फाइल सोडून देतं. महिनोन् महिने 'बॅकअप यशस्वी' दिसत राहतं आणि गरजेच्या दिवशी हाती एप्रिलची प्रत येते.

दुसऱ्या डिस्कसाठी माझी शिफारस म्हणूनच थोडी वेगळी आहे. पहिल्या डिस्कवर डेटा कंटेनरमध्ये हलवून तपासला की दुसऱ्या डिस्कलाही तेच पूर्ण फॉरमॅट द्या, कारण तिच्यावर तो डेटा उघडा उतरवला होता. मग तिच्यावर स्वतंत्र कंटेनर बनवा, दोन्ही उघडा, आणि फ्रीफाइलसिंकने आतल्या फायली एकातून दुसऱ्यात घ्या. बंद कंटेनर उचलून नेला तर २०० जीबी दर वेळी हलतात आणि पहिल्यात काही बिघाड असेल तर तोही प्रतीत जातो. ही दुसरी डिस्क आठवड्यातून एकदाच जोडायची, एरवी कपाटात. कंटेनर उघडा असताना रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) शिरलं तर त्याला तुमच्या फायली साध्या फायलींसारख्याच दिसतात. एन्क्रिप्शन तिथे काही कामाचं नाही, कपाटातली डिस्कच कामाला येते.

लॅपटॉपकडेही बघा, कारण 'डाउनलोड्स' आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये तेच आधार पडलेले असतात. विंडोज होममध्ये पूर्ण बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं एन्क्रिप्शन) नसतं, पण बऱ्याच यंत्रांवर 'सेटिंग्ज'मध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' असतं आणि नव्या लॅपटॉपवर ते मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करताच आपोआप चालू झालेलं असू शकतं. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात आहे का ते आजच पाहा आणि छापून ठेवा. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झालं की ती मागितली जाते, आणि दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने खातं उघडून दिलेलं असेल तर की त्याच्याकडे गेलेली असते. दोनांपैकी एखाद्या लॅपटॉपवर पुढेमागे विंडोज प्रो आलं तर पोर्टेबल डिस्क त्यावर बिटलॉकरने एन्क्रिप्ट करता येईल. होम आवृत्ती अशी डिस्क बनवू शकत नाही, पण पासवर्ड देऊन उघडून वापरू शकते. तुमची सगळी यंत्रं विंडोजच असतील तर ती वाट कंटेनरहून सुटसुटीत आहे, आणि विंडोज ती डिस्क ओळखत असल्याने फॉरमॅटची खिडकीही येत नाही.

ग्राहकाला किंवा सीएला फाइल पाठवायची असेल तर कंटेनर नको, सेव्हन-झिप वापरा: '७झेड' प्रकार, एईएस-२५६, आणि 'एन्क्रिप्ट फाइल नेम्स'ची खूण. ही खूण विसरलात तर मजकूर दिसत नाही पण ग्राहकांची नावं असलेली फायलींची यादी सगळ्यांना दिसते. झिप प्रकार घेतलात तर 'झिपक्रिप्टो' ही जुनी पद्धत टाळा, ती मोडता येते. पासवर्ड फोनवर सांगा, त्याच ईमेलमध्ये नको. आणि आयकर खात्याच्या एआयएसच्या (वार्षिक माहिती विवरणाच्या) पीडीएफसारखा, लहान अक्षरांत पॅन व पुढे जन्मतारीख, असा पासवर्ड ठेवू नका. ज्याच्या हाती ग्राहकाचा एक कागद आहे त्याच्याकडे दोन्ही असतात.

गुगल ड्राइव्हवरही प्रत ठेवायची असेल तर २०० जीबीचा कंटेनर तिथे टाकणं गैरसोयीचं आहे. त्याऐवजी क्रिप्टोमेटर हे सॉफ्टवेअर घ्या. ते प्रत्येक फाइल वेगळी एन्क्रिप्ट करतं, त्यामुळे बदललेली तेवढीच वर जाते. संगणकावर ते मोफत आहे, अँड्रॉइड अ‍ॅपला पैसे पडतात.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने, ज्याच्या हाती लोकांची माहिती आहे त्याच्यावर ती सुरक्षित ठेवायला वाजवी उपाय करण्याची जबाबदारी टाकली आहे, तेव्हा तुम्ही हे मनावर घेतलंत ते फार बरं झालं.

सगळं झाल्यावर एक चाचणी घ्या, आणि ती तुमच्या रोजच्या लॅपटॉपवर नको. कपाटातली डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावा. तिथे व्हेराक्रिप्ट बसवायला किंवा नुसतं चालवायलाही प्रशासकाचे हक्क लागतात, ते आहेत ना ते तेव्हाच कळेल. पासवर्ड आठवून टाइप करू नका, पाकीट फोडून कागदावरून वाचून टाइप करा. 'एल' आणि '१' यांतला घोळ असेल तर तो इथेच सापडतो. आत जाऊन टॅलीची एक कंपनी उघडा, गेल्या वर्षीचा एक फॉर्म १६ उघडा. दोन्ही उघडले की लॅपटॉपवर उरलेल्या जुन्या उघड्या प्रती पुसायला हरकत नाही, त्याआधी नको.